करवतीचें निदान

घरांतील एखादी वस्तु मोडली म्हणजे घरांत तत्काळ दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, “दुरुस्त करूं.” दुसरा म्हणतो, “टाकून द्या, नवी आणूं.” पहिल्या पक्षांत बहुधा वडीलधारीं माणसें असतात आणि दुसऱ्यांत तरुण मंडळी, पण हा कांहीं नियम नव्हे. आमच्या घरीं मिक्सर बिघडला तेव्हां नव्याचा झेंडा आमच्या मंडळींनीं हातीं घेतला होता. आणि माझी पंचवीस वर्षांची सायकल मोडींत काढण्याची गोष्ट निघाली, तेव्हां जुन्याचा कैवार घेऊन रडला तो माझा आठ वर्षांचा नातू. दोन्ही पक्षांपाशीं युक्तिवाद भरपूर असतात, आणि दोन्ही पक्षांत एक दोष समान असतो. तो कोणता, हें साठी उलटल्यावर मला एका बिघडलेल्या करवतीनें शिकविलें. ती हकीकत येथें सांगावी असें मनांत आहे. करवत प्रत्येकाच्या घरीं नसेल. परंतु तो दोष बहुतेक घरीं असावा, अशी मला भीति वाटते.

करवत म्हणजे दोघांनीं दोन टोकांस बसून ओढावयाची ती नव्हे. ही पेट्रोलवर चालणारी. लांबट लोखंडी पात्याच्या कडेनें दातेरी साखळी गरगर फिरते आणि हातांत न मावणारें खोड चार-दोन मिनिटांत दुभंगतें. दुकानदार तिला ‘चेन सॉ’ म्हणतो, आमच्याकडील गडीमाणसें ‘कटर’ म्हणतात, आणि मी, जन्मभर मुलांना शब्द शिकवीत आलेला मनुष्य, साखळी-करवत म्हणतों. ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ यावरून आला. संस्कृतांत तिला दुसरें नांव ‘क्रकच’. तें तिच्या आवाजावरून पडलेलें दिसतें. आमचें यंत्र सुरू झालें म्हणजे मात्र हा शब्द करणाऱ्या पूर्वजांनीं पेट्रोलची करवत ऐकली नव्हती, याची खात्री पटते.

या यंत्राची कुळकथा मोठी चमत्कारिक आहे. दातेरी साखळी प्रथम झाली ती लाकडासाठीं नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडांतील जॉन एटकिन व जेम्स जेफ्रे या दोन वैद्यांनीं हाड कापण्यासाठीं हातानें ओढावयाची बारीक साखळी वापरांत आणिली. लाकूडतोडीसाठीं तिला विजेचें बळ दिलें जर्मनींतील आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं, आणि पेट्रोलचें १९२९ सालीं. तरीहि जुन्या साखळीचे दांत लवकर बोथट होत. १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगॉन राज्यांत जोसेफ कॉक्स नांवाचा लाकूडतोड्या ओंडक्यांतील एक अळी पाहत बसला. ती आपले जबडे डावीकडे-उजवीकडे चालवीत, तंतु उभे आहेत कीं आडवे याची पर्वा न करितां, लाकूड पोखरीत होती. कॉक्सनें त्या जबड्यांच्या घाटाचे दांत साखळीस बसविले, आणि आजच्या बहुतेक साखळ्या त्याच कल्पनेच्या वंशांतल्या आहेत. आम्हां वाडीवाल्यांस ही गोष्ट ऐकून विस्मय वाटतो. कारण खोड पोखरणारी सोंड्या भुंग्याची अळी ही आमच्या माडांची जन्माची वैरीण. शत्रूपासून विद्या घ्यावी ती अशी.

आतां ही करवत आमच्या घरीं कशी आली तें सांगतों. मी राहतों तें दिवेआगर, रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांतील, समुद्राला लागून असलेलें गांव. येथें घर आणि वाडी असा भेद नसतो; मागील दार उघडलें कीं पोफळी आणि माड. श्रीवर्धनकडची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. तीच आमची शेती आणि तीच आमची ठेव. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर होता. आजोबांनीं लाविलेलीं आणि वडिलांनीं शिंपलेलीं झाडें दोन-तीन तासांत एकावर एक निजलीं. आमच्या चारशें पोफळींपैकीं अडीचशेंच्या वर गेल्या, बेचाळीस माडांपैकीं सतरा. विहिरीकडे जाण्यास वाट राहिली नाहीं. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाहीं. त्यांत कोरोनाची टाळेबंदी; बाहेरून मजूर येईना.

माझा मुलगा त्या टाळेबंदीमुळें पुण्याहून घरीं येऊन राहिला होता. त्यानें मित्रांकरवीं, मदतीचें सामान घेऊन येणाऱ्या एका टेंपोंतून, ही करवत मागविली. नऊ हजार रुपये पडले. पण ती चालवावी कोणीं? मुलानें एक दिवस धरली आणि दुसरे दिवशीं त्याचे खांदे वर होईनात. अखेर ती हातीं घेतली आमच्या वाडीवर कामास येणाऱ्या एका तरुणानें. हा माझाच विद्यार्थी. चौथींत माझ्या वर्गांत होता. पाढे कच्चे, पण शाळेचें कुलूप अडलें कीं तें काढणारा हाच. त्यानें पुस्तिकेंतील चित्रें पाहून यंत्र समजून घेतलें. पेट्रोलांत तेल किती घालावयाचें, साखळी किती ताणावयाची, कानशीनें दांत कसे लावावयाचे, सर्व. माडाचें खोड आंत मऊ, पण बाहेरून फार कठीण. साखळी हां हां म्हणतां बोथट होई. मग तो पडलेल्या माडावर बसून एकेक दांत घाशी. त्या पावसाळ्यांत त्यानें आमची वाडी मोकळी केली आणि नंतर शेजारच्या कित्येक वाड्या. कोणाच्या घरावर पडलेला माड, कोणाच्या विहिरींत गेलेली पोफळ. सबंध आळी त्या करवतीच्या आवाजानें जागी होई, आणि एरवीं कर्कश वाटणारा तो आवाज ऐकून आम्हांस धीर येई.

पुढें पांच वर्षें करवत चालली. मग गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. सोंड्या भुंग्यानें पोखरलेला एक माड वाळून उभा होता आणि तो पडवीवर येणार असा रंग दिसत होता. पाडेकऱ्यानें वर चढून शेंडा उतरविला, दोर लावून खोड वाडींत पाडलें, आणि तो तरुण त्याचे तुकडे करूं लागला. तिसरा तुकडा निम्मा झाला असेल, तोंच करवत एकाएकीं किंचाळल्यासारखी झाली आणि थांबली. सुरू करण्याची दोरी ओढून पाहिली, तर ती हालेना. पांच-सात माणसें उभीं होतीं.

“काय केलंस?” मीं म्हटलें.

“कांहीं नाय केलं, गुरुजी.”

“मशीन तुझ्याच हातांत होती ना? मग बिघडवली कुणी?”

तो गप्प राहिला. आणि मग मी एक वाक्य बोललों. तें लिहितांना आज हात अडखळतो. पण तें गाळलें तर हा लेख लिहिण्यांत कांहीं अर्थ नाहीं. मीं म्हटलें, “दुसऱ्याच्या वस्तूची माया नसते, हेंच खरं.”

त्यानें करवत पुसली, पात्यावर म्यान चढविलें, पडवींत नेहमींच्या कोपऱ्यांत ती ठेविली आणि घरीं गेला. दुसरे दिवशीं तो आला नाहीं. तिसरे दिवशीं त्याच्या चुलतभावानें निरोप आणिला कीं त्याला दुसरीकडे काम लागलें आहे.

इकडे आमच्या घरीं नेहमींप्रमाणें दोन पक्ष झाले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, एवढ्या जुन्या मशीनच्या दुरुस्तीला पैसे घालूं नका. बॅटरीवरची करवत घ्या. पेट्रोल नको, तेल नको, कटकट नको. पैसे मी पाठवतों.” त्याचा पक्ष दुबळा नव्हता. बॅटरीची करवत वापरण्यास सुटसुटीत. धूर नाहीं, आवाजहि कमी. पण मीं उत्तर दिलें कीं आम्हांस करवतीची खरी गरज लागते ती वादळानंतर, आणि वादळांत सर्वांआधीं जाते ती वीज. निसर्गाला वर्ष होतें न होतें तों मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हांहि तोच अनुभव आला. बॅटरी भरावयाची कशावर? “मग पेट्रोलचीच नवी घ्या,” मुलगा म्हणाला. मी म्हटलें, “जुनी दुरुस्त करूं.”

माझ्या बाजूनें मीं परंपरा उभी केली. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणें हें नवें बांधण्याहून अधिक पुण्याचें, असें आपण मानीत आलों. माझ्या लहानपणीं वाडीला पाणी रहाटानें देत. रहाटाचे मातीचे लोटे फुटत, ते कुंभाराकडून नवे येत. लोट्यांची माळ कुजे, ती नवी वळली जाई. सुतार लांकडी दांते बदली. आणि इतकें होऊनहि रहाट आजोबांचाच राहिला. मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, “बाबा, पण भंगलेली मूर्ति पूजेंत ठेवत नाहींत. तिचं विसर्जन करून नवी बसवतात. तीहि आपलीच रीत ना?” मी निरुत्तर झालों.

आमच्या गांवानें तर यांहून निराळाच तिसरा मार्ग पाहिलेला आहे. १९९७ सालीं येथील एका वाडींत खणतांना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सांपडला. २०१२ सालीं मंदिरावर दरोडा पडला. दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा चोरांनीं वितळविला. पुढें हस्तगत झालेल्या सोन्यांतून तो पुनः घडवून २०२१ सालीं त्याची स्थापना झाली. सोनें तेंच, घडण नवी. याला दुरुस्ती म्हणावें कीं नवें आणणें म्हणावें? त्या दिवशीं गांवांत हा प्रश्न कोणी विचारल्याचें मला आठवत नाहीं. लोकांनीं हात जोडले. सांगावयाचें तें इतकेंच कीं दृष्टान्त दोन्ही बाजूंनीं मिळतात. दृष्टान्तांनीं वाद सजतो, सुटत नाहीं.

हा वाद आठवडाभर चालला. शेवटीं एके सकाळीं आमच्या मंडळींनीं, सुपांतल्या तांदुळांवरून मान वर न करितां, विचारलें, “अहो, पण ती बिघडली कशानं?”

“त्यानं बिघडवली,” मी म्हणालों.

“तें ‘कुणी’ झालं. मी ‘कशानं’ म्हणून विचारत्ये.”

दोन्ही पक्षांत समान असलेला दोष तो हाच. दुरुस्तीवाला विचारतो, खर्च किती येईल. नव्याचा कैवारी विचारतो, त्रास किती वांचेल. पण मोडलें कशानें हें दोघेहि विचारीत नाहींत. आपल्या आयुर्वेदांत निदानपरिवर्जन म्हणून एक तत्त्व आहे: रोगाचें कारण ओळखून तें टाळणें हीच पहिली चिकित्सा. तें मीं कित्येकांस समजावून सांगितलें होतें. स्वतःच्या पडवींतील यंत्रास तें लागू करण्याचें सुचलें मात्र तांदूळ निवडणाऱ्या माणसाला.

दुसरे दिवशीं करवत पोत्यांत बांधून मी एस.टी.नें बोर्ली पंचतनास गेलों. तेथील मिस्त्री तिशींतला, अबोल. त्यानें धूर बाहेर पडण्याची पेटी पेंच काढून बाजूला केली, भोंकांतून बॅटरीचा उजेड आंत टाकला आणि म्हणाला, “बघा वाकून, मास्तर.” आंतला दट्ट्या, ज्याला पिस्टन म्हणतात, तो गुळगुळीत असावयाचा; त्यावर नखांनीं ओरबाडल्यासारखे उभे ओरखडे होते.

“तेलाशिवाय चालवलीय,” तो म्हणाला. “नुसतं पेट्रोल.”

मग मीं मुलांना समजवावें तसें त्यानें मला समजाविलें. मोटारीच्या इंजिनांत वंगणाच्या तेलाची सोय वेगळी असते. या करवतीच्या टू-स्ट्रोक इंजिनांत ती नाहीं. पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें आणि जळतां जळतां तेंच दट्ट्याला वंगण पुरवितें. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेंत पंचविसास एक, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, असें प्रमाण दिलें आहे. कांहीं यंत्रांना पन्नासास एक पुरतें. तें तेल नसलें कीं धातूवर धातु घासते, दट्ट्या तापून फुगतो आणि नळकांड्यांत आवळून बसतो. साखळीसाठीं लागणारें तेल निराळ्या टांकींत असतें. तें भरलेलें होतें, म्हणून वरून पाहणाऱ्यास संशय येण्याचें कारण नव्हतें.

दुरुस्त करावी कीं नवी घ्यावी, हा माझा वाद मिस्त्रीनें पांच प्रश्नांत मिटविला. ते इतरांस उपयोगीं पडतील म्हणून देतों. यंत्राचा आंतला फिरता दांडा आणि त्याची बेअरिंग शाबूत आहेत काय? सुटे भाग बाजारांत मिळतात काय? साखळी एकदम थांबविणारा ब्रेक नीट लागतो काय? तो लागत नसेल तर दुरुस्ती पुढें करूंच नये. कारण पात्याचें टोंक लांकडावर अडून उसळलें कीं तें थेट तोंडावर येतें. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किंमतीच्या निम्म्याहून कमी आहे काय? आणि शेवटचा प्रश्न, बिघाडाचें कारण सांपडलें आहे काय? “कारण नाय सांपडलं तर नवी घेतलेली पण अशीच माझ्याकडे येणार,” तो म्हणाला. आमच्या करवतीचा दांडा शाबूत, ब्रेक शाबूत, दट्ट्या-नळकांड्याचा जोड मिळण्यासारखा. खर्च ३,४०० रुपये. तसल्याच नवीला ११,००० पडले असते. दुरुस्ती ठरली. निघतांना त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. काम झालें कीं टांकी रिकामी करावी. आतांच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, तें हवेंतला ओलावा ओढून घेतें, आणि आमची हवा तर समुद्राची. महिनेच्या महिने टांकींत राहिलेलें असलें पेट्रोल कार्बुरेटरांतील रबरी भाग खराब करितें.

‘टांकी कुणी भरली?’ हा प्रश्न मिस्त्रीनें विचारला नव्हता. तो परतीच्या एस.टी.त मीं स्वतःस विचारला आणि उत्तर लगेच आलें. आमच्या पडवींत दोन डबे असतात. दोन्ही पांढरे, पांच-पांच लिटरांचे. एकांत तो तरुण तेल मिसळलेलें पेट्रोल ठेवी. दुसऱ्यांत माझ्या स्कूटरसाठीं आणलेलें नुसतें पेट्रोल. त्या सकाळीं तो येण्यापूर्वीं, त्याचा वेळ वांचावा म्हणून, टांकी मीं भरली होती. तो आल्यावर मोठ्या हौसेनें सांगितलेंहि होतें, “पेट्रोल भरून ठेवलंय, तूं नुसती सुरू कर.” त्या कामाबद्दल मला स्वतःचें थोडें कौतुकहि वाटलें होतें.

घरीं पोहोंचेपर्यंत मला एक सोपी वाट सुचली होती. मिस्त्री बोर्लीचा, तो गांवांत येऊन कोणाला कांहीं सांगणार नव्हता. मुलाला कळवावयाचें, “पिस्टन गेला होता, बदलला.” त्या तरुणाला निरोप धाडावयाचा, “यंत्रच तें, बिघडायचंच. कामाला ये.” वाक्यें मनांत तयार झालीं, आणि व्याकरणाच्या मास्तराला त्यांचीच लाज वाटली. तो दोषी होता तोंवर माझें क्रियापद ‘बिघडविणें’ हें होतें. त्याला करणारा माणूस लागतो. दोष माझ्याकडे येतांच तें ‘बिघडणें’ झालें. तेथें वस्तु आपली आपणच बिघडते आणि माणूस सुटतो. हा भेद मीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहून दाखविला, पण त्याचा उपयोग मी असा करीन असें मला वाटलें नव्हतें.

मंडळींना मात्र मीं सर्व सांगितलें. त्यांनीं मला बोल लाविला नाहीं. म्हणाल्या, “मग दिवेलागणीच्या आधीं जाऊन या.”

मी गेलों तेव्हां तो अंगणांत कोणाचा तरी पाण्याचा पंप खोलून बसला होता. मला पाहून उठला आणि आंतून खुर्ची आणूं लागला. मीं उभ्याउभ्यांच सांगितलें, कीं टांकी मीं भरली होती, डबा चुकला, दोष माझा. आणि त्या दिवशीं सर्वांदेखत जें बोललों तें खोटें होतें.

तो पंपाकडे पाहत म्हणाला, “मला तवांच कळलं, गुरुजी.”

“कशावरून?”

“धूर नव्हता. तेल असलं कीं धुराला वास असतो. आवाज पण चढला. बंद करणार, तेवढ्यांत तीच बंद पडली.”

“मग बोलला कां नाहींस?”

तो थोडा वेळ थांबला. “तुम्ही ‘काय केलंस’ म्हणालात, गुरुजी. ‘काय झालं’ असं नाय विचारलंत.”

गुरूनें शिष्याकडून हार इच्छावी, असें मी मुलांना सांगत आलों. पण ती हार विद्येंतली. वागणुकींतली हार कोणी गुरु इच्छीत नसतो. ती पदरांत पडली म्हणजे मुकाट्यानें घ्यावयाची असते. मी खुर्चीवर बसलों, त्याच्या आईनें दिलेला चहा घेतला आणि परत आलों. दुसरे दिवशीं, त्या प्रसंगीं जीं माणसें उभीं होतीं त्यांना एकेकास गांठून खरा प्रकार सांगितला. चारचौघांत बोललेलें चारचौघांतच परत घ्यावें लागतें. एकट्यापाशीं घेतलेल्या माघारीनें तें पुरें फिटत नाहीं. एक दोघे हंसले. एक जण म्हणाला, “जाऊं द्या हो, एवढं काय त्यांत?” त्याला काय उत्तर द्यावें हें मला सुचलें नाहीं.

करवत आठ दिवसांनीं दुरुस्त होऊन आली. तोहि आला, तिच्या मागून दोन दिवसांनीं. येतांना लाल रंगाची डबी घेऊन आला आणि तेल मिसळलेल्या पेट्रोलच्या डब्याला त्यानें रंग दिला; त्यावर मीं अक्षरें काढलीं. नुसत्या पेट्रोलचा डबा पडवींतून उचलून स्कूटरपाशीं नेऊन ठेविला. निदानपरिवर्जनास याहून अधिक कांहीं लागलें नाहीं. मुलाला फोनवर सर्व सांगितलें तेव्हां तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “बाबा, नवी घेतली असती तर हें कळलंच नसतं.” खरें आहे. नवी करवतहि त्याच पडवींत, त्याच दोन पांढऱ्या डब्यांशेजारीं येऊन उभी राहिली असती. आणि गांवांतील एका भल्या माणसावर हलगर्जीचा शिक्का तसाच राहिला असता.

एक गोष्ट मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. टांकी मीं भरली आहे असें सांगितलें कीं पूर्वी त्याला तेवढें पुरे. आतां तो झांकण उघडून वास घेतल्याखेरीज यंत्र सुरू करीत नाहीं. मी शेजारीं उभा असलों तरी घेतो. यंत्राच्या दृष्टीनें ही संवय उत्तम, आणि ती मीं आधींच सांगावयास हवी होती. तरीहि पहिल्या दिवशीं मला तें लागलें. सांधलेल्या वस्तूचा सांधा दिसतो. तो झांकूं नये, एवढें आतां मला कळतें.

निसर्गानंतर आम्हीं लाविलेल्या पोफळींपैकीं पांच-सहा झाडांना यंदा पहिली पोय आली आहे. त्यांच्या मधोमध एक वाळका माड उभा आहे. तो पोफळींना धक्का न लागतां पुढील आठवड्यांत पाडावयाचा आहे. टांकी तोच भरील. मी दोर धरणार आहें.